चिखल्याचा वाफा

मॅडमनी बोट दाखवून विचारलं, "दिसला?"

मी म्हटलं, "हो."

मला काहीही दिसलं नव्हतं. समोर बंद पडलेल्या मिठागराचा एक कोरडा वाफा होता, भेगाळलेला, वर पांढरट खार धरलेला. त्याच्या पलीकडे कंटेनर यार्डात एकावर एक रचलेले निळे-लाल डबे. "नाही" म्हटलं असतं तर मॅडमनी पुन्हा समजावलं असतं, मी पुन्हा पाहिलं असतं, आणि तेवढा वेळ त्यांचं सगळं लक्ष माझ्यावर राहिलं असतं. मला ते नको होतं. म्हणून मी दुर्बीण डोळ्याला लावून नुसतीच उभी राहिले. थोड्या वेळाने जमिनीचा एक तुकडा पळाला. थांबला. पुन्हा पळाला. तेव्हा कळलं की हा चिखल्या.

चिमणीपेक्षा जरासा मोठा, पाठ वाळलेल्या चिखलाच्या रंगाची, पोट पांढरं, मानेच्या दोन्ही बाजूंना काळा डाग. उभा राहिला की दिसत नाही, पळाला की दिसतो. हिवाळ्यात बाहेरून येणाऱ्या थव्यांत चिखले खूप असतात, त्यामुळे पुस्तकात वाचलं तर या पक्ष्याची काळजी करावी असं कुणाला वाटणार नाही. पण इथेच राहणारा, इथल्याच खारजमिनीवर अंडी घालणारा चिखल्या आमच्या भागातून जवळजवळ गेला होता. त्याला घरट्यासाठी खाडीजवळची उघडी, कोरडी, सपाट जागा लागते. भरावालाही नेमकी तीच जागा लागते. मॅडम तरुण होत्या तेव्हा पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही मिठागरात उन्हाळ्यात एखादं तरी घरटं सापडायचं म्हणे. त्या वर्षी स्कूटरवरून जिथे जिथे पोचता आलं तिथे तिथे त्या फिरल्या होत्या. सापडली ती ही एक जोडी, जासईच्या पुढे, रस्ता आणि खाडी यांच्या मधल्या या वाफ्यात.

घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि तीन अंडी. अंडी मातकट, वर काळ्या रेघोट्या, कुणी पेन चालतं का ते बघण्यासाठी गिरबटल्यासारख्या.

मॅडम म्हणजे माझ्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या मॅडम. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. माझं कॉलेज संपलं होतं, नोकरीचे अर्ज करून मी घरी बसले होते. विमानतळ येणार, विमानतळ येणार, असं पनवेलमध्ये जो तो म्हणत होता, ती ही वर्षं. बाजारात भाजी घेताना भेटल्या तेव्हा मॅडमनी विचारलं, "रिकामी आहेस ना? मग माझ्याबरोबर चल." मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना माझ्या पाचवीपासून माहीत होतं.

काम सोपं होतं. लांब बांधावर बसायचं आणि घरट्याकडे कुणाला जाऊ द्यायचं नाही. यार्डातली कुत्री, शॉर्टकट मारणारे मोटरसायकलवाले, फोटो काढायला येणारे हौशी लोक. सकाळी मॅडम, दुपारी मी. अंडी फुटेपर्यंत. फुटली की पिल्लं त्याच दिवशी आपल्या पायांनी चालू लागतात, मग त्यांना घरट्याची गरज नसते. मॅडमनी परवानग्यांसाठी आणि बंदोबस्तासाठी अर्ज केले होते. एका कार्यालयाने त्यांना दुसऱ्याकडे पाठवलं होतं आणि दुसऱ्याने अजून काही कळवलं नव्हतं.

आईला मी सांगितलं होतं की मॅडमना एका प्रोजेक्टमध्ये मदत करते. आईने दोन दिवस माझ्या करपलेल्या नाकाकडे पाहिलं आणि मग पोळी लाटता लाटता विचारलं, "कोणी मुलगा आहे का?"

"पक्षी आहे."

"बरं," आई म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही हे मला कळलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यांना उन्हात, धुळीत यायला बंदी होती. म्हणजे दोन्ही वेळा मीच. जाण्याआधी त्यांनी एक शेवटचं काम केलं. शाळेत क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी मैदानावर रेषा आखायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांनी घरून एक डबा भरून पांढरी फक्की आणली आणि घरट्याच्या चारी बाजूंनी लांबून फिरून एक मोठं, चांगलं गोल रिंगण आखलं.

"आता आत कुणाचा पाय पडणार नाही," हात झटकत त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेत एकही मूल कधी फक्कीची रेष ओलांडत नव्हतं."

तेव्हा ते मलाही बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरून बांधावर पोचले तेव्हा मिठागराच्या तोंडाशी डंपर उभे होते, मुरमाने भरलेले. पुढचा एक वाफ्यात उतरलेलाही होता आणि मागचा भाग रिंगणाकडे वळवत होता. त्याच्यापुढे मोटरसायकलवर एक तरुण बसला होता. पांढरा शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल. तो भरावाचा मुकादम होता हे मला नंतर कळलं. हाताने तो ड्रायव्हरला रिंगणाच्या मध्यावर यायची खूण करत होता.

मी पळाले. पळताना माझी छत्री उलटी झाली. मी रिंगणाच्या आणि डंपरच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खिडकीतून मुंडकं बाहेर काढून मुकादमाला म्हणाला, "ही कोन?"

मुकादम मोटरसायकलवरून उतरला. "मॅडम, तुम्ही सर्व्हेच्या का?"

"नाही."

"मग फक्की कुणी मारली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

आम्ही म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पनवेलला दवाखान्यात गेलेल्या एक बाई आणि मी. मी म्हटलं, "इथे अंडी आहेत. कृपया इथे माती टाकू नका."

"अंडी? कोंबडीची?" ड्रायव्हर हसला.

"ओ मॅडम," मुकादम म्हणाला, "आमच्या धंद्यात फक्की म्हणजे मार्किंग. जिथं फक्की दिसंल तिथं गाडी खाली करायची, एवढंच या लोकांना ठाऊक. मी सकाळी आलो, बघितलं, म्हटलं वा, सर्व्हेवाल्यांनी कधी नाय ते टायमावर काम केलं. गोल का मारलंय ते कळंना, पण म्हटलं असंल काहीतरी."

माझ्या पायाखाली ती रेष होती. मैदानावर ती मुलांना बाहेर ठेवायची आणि इथे ती डंपरना आत बोलावत होती. मी चपलेने फक्की पुसायला लागले. पाय घासत घासत अख्खं रिंगण फिरायचं होतं, आणि मागे डंपरचं इंजिन धडधडत होतं. एक चिखल्या माझ्या पुढ्यात एक पंख मोडल्यासारखा लोंबवत, फरपटत पळत होता. घरट्यापासून मला दूर न्यायचं त्याचं चाललं होतं. ते नाटक माझ्यासाठी होतं.

"अहो, पुसता काय!" मुकादम ओरडला. "आता गाडी कुठं खाली करू? मागं लाइन लागलीय!"

तेवढ्यात बांधावरून एक बाई आल्या. गुडघ्यापर्यंत कासोटा, खांद्यावर गोणी, हातात बिळातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, ओढून काढायची लोखंडी आकडी. गोणीत काहीतरी खरवडत होतं.

"काय रं," त्या मुकादमाला म्हणाल्या, "पोरीला कनाला रडवतंस?"

"मी रडत नाहीये," मी म्हटलं.

"आत्ये, तू मधी पडू नको," मुकादम म्हणाला. "ही मार्किंग पुसते."

आत्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय गो, कोनाची तू? पनवेलची? बामनाची का?" आणि मी काही बोलायच्या आत, "आयकून घे. हितं आमचा प्लॉट येनार हाय. साडेबारा टक्क्याचा. सासऱ्याच्या टायमाला सरकारनं जमीन घेतली आमची, तिच्या बदल्यात. वाट बघता बघता आमी म्हातारे झालो. आता कुठं भराव पडतोय. तू आनि मधीच पाखरू घेऊन आलीस?"

मला वाटलं होतं, या तरी माझ्या बाजूच्या असतील. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "मला भराव थांबवायचा नाहीये. फक्त ही अंडी फुटेपर्यंत. तुम्ही त्या टोकाकडून सुरुवात करू शकता का? रस्त्याच्या बाजूने?"

"करू शकता का," आत्यांनी माझी नक्कल केली. "पुस्तकात बोलते बघ कशी."

मुकादम हसला नाही. त्याने मोबाइल काढला आणि बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलला. "हो साहेब. नाय साहेब. नाय, ती फक्की आपली नव्हती. कुणाची? ते काय आता सांगू…" परत आला तेव्हा त्याचा चेहरा आंबट होता. खरं मार्किंग रस्त्याच्या बाजूलाच होतं, रात्रीच्या वाऱ्याने उडालेलं. काम तिथूनच सुरू व्हायचं होतं.

"तुमचं नशीब," तो मला म्हणाला. "पण ऐका. रस्त्याकडून इथवर यायला मला फार दिवस लागायचे नाहीत. इथं आलो की मी विचारणार नाय."

अंडी किती दिवसांची आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला घरटं सापडलं तेव्हा तिन्ही घालून झालेली होती, एवढंच माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस मी दोन गोष्टी बघत काढले. एका बाजूला घरटं, दुसऱ्या बाजूला भरावाची कड. सकाळी मी यायचे तेव्हा कड कालच्या संध्याकाळी होती तिथेच असायची. मग पहिला डंपर मागची पेटी उचलायचा, मुरूम घसरायचा, लाल धुळीचा लोट उठायचा, आणि जेसीबी तो ढीग पुढे ढकलायचा. दुपारपर्यंत एक वाफा नाहीसा व्हायचा. तिथे काल बांध होता, त्याच्यापलीकडे थोडं पाणी होतं, हे ओळखूही यायचं नाही.

ऊन असं होतं की खारेवर नजर ठरत नव्हती. चिखल्यांची जोडी आळीपाळीने अंड्यांवर यायची. ऊन चढलं की त्यातला एक खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीजवळच्या डबक्यात जाऊन पोट भिजवायचा आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर उभा राहायचा, म्हणजे ती उकडू नयेत. डंपर जवळून गेला की उठून पळायचा. कुणी माणूस बांधावर आलं की पळायचा. मीही माणूसच होते. मी बांधावर बसले की त्यांना परत यायला वेळ लागतो, हे मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं. ज्यांच्यासाठी बसायचं त्यांना माझीच भीती. मी मागे सरकत सरकत मीठ साठवायच्या पडक्या खोलीपर्यंत गेले. तिथून घरटं फक्त दुर्बिणीतूनच दिसत होतं. कुत्रं आलं तर मी पोचेपर्यंत उशीर होणार होता. पण जवळ बसले तर अंडी उन्हात भाजणार होती. मी लांबच बसले आणि दिवसभर कुत्र्यांवर नजर ठेवली.

आत्या दुपारी त्याच खोलीच्या सावलीत टेकायच्या. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गोणी माझ्या पायांपाशी ठेवून म्हणाल्या, "सांभाल. चावतात." मग बोलायला लागल्या.

"लगीन झालं?"

"नाही."

"पाखरं बघत बसलीस तर व्हायचं बी नाय."

मी हसले. त्यांनी विडा काढला. "इंग्लिश शालेतली ना तू? मंग नोकरी कर ना. माझी नात बी शिकतेय खारघरला, इंग्लिश. घरी आली की आमच्याशी बोलतच नाय. तुझ्यासारखीच. तोंड शिवलेलं."

"भाषा चुकेल अशी भीती वाटते," मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आमाला कुठं भाषा येते?" त्या म्हणाल्या. "आमी बोलतो ना?"

एकदा त्यांनी मला चांगलंच पेचात टाकलं. "तुला पिल्लंच पायजेत ना? मंग उचल अंडी. माझी कोंबडी बसलीय खुराड्यात. तिच्याखाली ठेवू. तुझी पिल्लं बी होतील, आमचा भराव बी होईल. भांडन कनाला?"

त्या खरंच मदत करत होत्या. मुकादमही तिथे होता, तो म्हणाला, "बघा मॅडम, आत्येचं डोकं. आजच उचला, मी स्वतः पोचवतो, गाडीतनं."

मी मॅडमना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला, मग मॅडम आल्या.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "कोंबडीखाली फुटतील कदाचित. पुढे? पहिल्या दिवसापासून पिल्लू आईबापाच्या हाकेवर दबून बसायला शिकतं, धावायला शिकतं. कोंबडी त्यांना उकिरड्यावर नेईल. मरतील ती."

"त्यांना काय सांगू?"

"त्यांना सांग…" आणि मग त्या थांबल्या. "तू बोलतेस त्यांच्याशी? तू?"

"हो."

"सांग मग तुला जमेल तसं."

मी परत गेले आणि सांगितलं की कोंबडी आणि चिखल्या यांची बोली वेगळी असते, पिल्लांना हाक कळणार नाही. मुकादमाने मान उडवली. आत्या म्हणाल्या, "मंग मरूं दे," आणि गोणी उचलून चालू पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या सावलीत आल्या नाहीत. त्यांच्या मदतीला मी नाही म्हटलं होतं, आणि आता तिथे माझ्याशी बोलत बसणारं कुणीच नव्हतं.

भरावाची कड शेजारच्या वाफ्यात आली, त्या संध्याकाळी मुकादम खोलीपर्यंत चालत आला. गॉगल हातात घेतलेला.

"मॅडम, उद्या हा वाफा."

"अजून नाही फुटली."

"मला वरून फोन येतात. तुमच्यामुळे जेसीबी मी दोनदा रिकामा उभा केला, तुम्हाला सांगितलं नाय. उद्या नाय थांबवू शकत."

मी मॅडमना फोन करून विचारलं, किती दिवस लागतील अजून? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही गं." शाळेपासून आजवर मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

सकाळी पहिल्या एसटीने गेले. डंपर आले होते, इंजिनं चालू. मुकादमाने मला बघून घड्याळाकडे नजर टाकली. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरट्यापर्यंत गेले. वाकून बघितलं.

एक पिल्लू बाहेर होतं, वाळलेलं, कापसाच्या गोळ्यासारखं, जमिनीला चिकटून गप्प बसलेलं. दुसरं नुकतंच निघालेलं, ओलं, मान टाकून पडलेलं. तिसऱ्या अंड्याला एका जागी चांदणीसारखी चीर गेली होती. मी कान जवळ नेला. आवाज येत होता की इंजिनांमुळे मला भास होत होता, ते कळेना.

बांधावर दोन्ही चिखले धावत होते, थांबत होते, हाका मारत होते.

मी मुकादमाकडे गेले. "दोन झाली. एक राहिलंय. थोडा वेळ द्या. आणि इंजिनं बंद करा."

"इंजिनं कशाला बंद?"

"आईबाप जवळ येत नाहीयेत. ओल्या पिल्लाला ऊन लागलं तर ते जाईल."

"अहो, या मागच्या गाडीची बॅटरी गेलीय. बंद केली तर परत चालू होत नाय. धक्का मारायला तुम्ही येणार?"

"येईन."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसायला लागले. "भरलेली गाडी हाय ताई," एक म्हणाला. "तुम्ही काय, अख्खं पनवेल आलं तरी हलायची नाय."

"बंद करा," मी म्हटलं. आवाज मोठा आला, माझा मलाच. ड्रायव्हर हसायचे थांबले. मुकादमाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली करून खूण केली. एकेक इंजिन बंद झालं. शेवटचं बंद झाल्यावर तिथे जी शांतता आली ती मी त्या मिठागरात पहिल्यांदा ऐकली. त्यात अगदी बारीक आवाज होता, चिवचिव म्हणण्याइतकाही नाही.

"पिल्लं कुठायत?" एका ड्रायव्हरने मोबाइल काढला. "एक फोटो घेऊ."

दुसराही उतरला. मी त्यांच्या आडवी गेले, पण ते बाजूने निघाले. त्यांच्यात वाईट काही नव्हतं. लहान पिल्लू दिसलं की कुणालाही बघावंसं वाटतं. पण तिकडे आधीच एक चिखल्या घरट्याच्या दिशेने चार पावलं आला होता आणि तो थबकला.

"ए! बस खाली!" खोलीच्या बाजूने आवाज आला. आत्या होत्या. आकडी हातात. "बाईचं बालंतपन चालू हाय आनि तुमी फोटू काढाया चाललात? लाज हाय का नाय? चला, सावलीत बसा सगले."

ड्रायव्हर वळले. मुकादमही वळला. आम्ही सगळे पडक्या खोलीच्या सावलीत जाऊन बसलो, मी, आत्या, मुकादम आणि ड्रायव्हर, वाफ्याकडे पाठ करून. आत्यांनीच सांगितलं तसं, पाठ करून. मला दुर्बिणीतून बघायची मुभा होती.

मी बघत होते ते थोडं थोडं सांगत होते. "एक आला. बसला. दुसरा पाण्याकडे गेला." कुणी काही विचारत नव्हतं, पण मी थांबले की आत्या म्हणायच्या, "मंग?" मुकादमाचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्याने तो वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलून म्हणाला, "गाडी बंद पडलीय साहेब. हो. रस्ता अडलाय. बघतो."

ऊन वर आलं. ओलं पिल्लू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मग मोठा पक्षी उठला आणि बांधाकडे पळाला. हाक मारली. पहिलं पिल्लू निघालं. दुसरं त्याच्यामागे. पिल्लाच्या पायांना एवढा वेग कसा असतो ते मला अजून कळत नाही. भेगांमध्ये दिसेनाशी होत, पुन्हा वर येत, ती दोघं वाफा ओलांडून बांधावर चढली आणि पलीकडे तिवरांच्या झाडीच्या बाजूला उतरली. दुसरा पक्षी घरट्याकडे परत आला. तिसऱ्या अंड्यावर बसला. उठला. पुन्हा बसला. बांधापलीकडून हाका येत होत्या. तो उठला आणि गेला.

मी वाट बघितली. तो परत येईल म्हणून. आत्यांनी "मंग?" विचारणं थांबवलं होतं.

मग मी एकटी घरट्यापाशी गेले. तिसऱ्या अंड्याची चीर वाढलेली नव्हती. त्यातून मुंग्या आत जात होत्या. मी बोटाने मुंग्या काढल्या आणि अंडं कानाजवळ धरलं. इंजिनं बंद होती. काही आवाज नव्हता. मी ते जागेवर ठेवलं.

मुकादम माझ्यामागे येऊन थांबला होता, थोडा लांब. "गेलं का?"

मी मान हलवली.

"करू मग चालू?"

हे तो मला विचारेल असं मला वाटलं नव्हतं. इथं आलो की विचारणार नाय, असं तोच म्हणाला होता. मी त्या बांधाकडे पाहिलं. पिल्लं त्याच्या पलीकडे कुठेतरी दबून बसलेली असणार. डंपर जरा जास्त मागे आला, बांधावरून मुरूम पलीकडे घसरला, तर संपलं. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं.

"करा," मी म्हटलं. "पण बांधाच्या पलीकडे एक खडा जाता कामा नये. मी उभी राहते."

मी बांधावर जाऊन उभी राहिले. पहिला डंपर सुरू झाला आणि मागे यायला लागला. त्याच्या आणि माझ्या मधे ते घरटं होतं. मी हाताने खूण करत होते, जरा डावीकडे, आणखी, येऊ द्या, येऊ द्या. मागचं चाक खळग्यावरून गेलं, ते मला दिसलं. मी "बस!" म्हणून ओरडले. तो थांबला. पेटी वर गेली, मुरूम घसरला आणि माझ्या पायांपासून थोड्या अंतरावर येऊन थांबला.

धुळीत काही दिसत नव्हतं. पाठीमागे, तिवरांच्या बाजूला, एक चिखल्या सारखा हाक मारत होता. मोबाइल हातात घेतलेले ड्रायव्हर खोलीपाशी उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मला मान वळवून बघायची फार इच्छा झाली. मी वळले नाही. मी जिकडे बघितलं असतं तिकडेच त्यांनीही बघितलं असतं. मी समोर बघत राहिले आणि दुसऱ्या गाडीला हात केला.